गोल्टीचं पहिलं पिल्लू

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या भावाला नाही. कुत्रीची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही कदाचित हसाल. हसा. कुत्रीच तर होती — असं मीही स्वतःला बरीच वर्षं समजावलं.

शहाण्णव-सत्त्याण्णवचे दिवस. मी सरकारी कचेरीत कारकून, सिडकोत दोन खोल्या, पुढे हातभर अंगण. ऑफिसातल्या एकाच्या पॉमेरियनला पिल्लं झाली आणि सगळी वाटून जे उरलं, ते आमच्याकडे आलं. माझे वडील लासलगावच्या मार्केटात कांदा निवडायचे. निवडून झाल्यावर मागे जो बारका कांदा उरतो, त्याला तिकडे गोल्टी म्हणतात. मुठीएवढं ते पिल्लू बघून मी चेष्टेनं तेच नाव ठेवलं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आधी चिडली. मग तिच्याच तोंडात ते नाव लाडाचं होऊन बसलं.

गोल्टी वर्षाची झाली तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं — हिचं हाडच लहान आहे, पिल्लं होऊ देऊ नका, जिवावर बेतेल. ऑपरेशन करून टाका. ते मीच आज-उद्या करत लांबवलं. जातीची कुत्री आणि पिल्लं नाहीत, मग उपयोग काय? सुनंदा म्हणाली, "अहो, आपण गोल्टीला आणलंय. तिच्या पिल्लांना नाही." वडील गावाहून आले, तेही हसत म्हणाले, "गोल्टीचं बी कोणी धरत नाय, बाबा." म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

आमच्या साहेबांकडे पॉमेरियन होता, चांगला थोराड नर. एकदा चहाच्या वेळी मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला — गोल्टीचं पहिलं पिल्लू तुमच्या घरी, साहेब! त्यांनी मागितलं नव्हतं. ते फक्त खूश झाले आणि त्या दिवसापासून मला नावानं हाक मारायला लागले. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

संक्रांतीनंतर गोल्टी माजावर आली. सुनंदा डोळ्यांत तेल घालून फाटक सांभाळायची. एका दुपारी ती कॉलनीत हळदीकुंकवाला गेली. तीन-चार घरं, म्हणजे संध्याकाळ होणार. मी अर्धी रजा टाकली, घरी आलो, गोल्टीला पिशवीत घालून स्कूटरवरून साहेबांकडे नेलं. काम झाल्यावर परत आणून अंगणात सोडली आणि घाईघाईनं निघालो. रोजच्या वेळी, रोजच्यासारखा घरी आलो.

सुनंदा पायरीवर बसून रडत होती. फाटक उघडं सापडलं होतं आणि गोल्टी बाहेर रस्त्यावर. "मी कडी लावली होती हो," ती म्हणाली, "निदान तसं वाटतंय."

कडी तिनं लावलीच होती. उघडी राहिली ती माझ्या हातून. आणि मी काय म्हणालो — "अगं, घाईत राहिली असेल."

दुसऱ्या दिवशी ती गोल्टीला डॉक्टरांकडे न्यायला निघाली. वेळेत उपाय झाला असता. मीच अडवलं. काही झालं नसेल, थोडं थांबू, म्हणालो. मला पिल्लू हवं होतं ना!

मार्चअखेरीस गोल्टी सकाळपासून कळा देत होती. दुपारी डॉक्टरांनी टेबलावर घेतली. पोटात एकच पिल्लू होतं, तिच्या मानानं फार मोठं, अडकलेलं. आधी ते गेलं, मग ती. डॉक्टर वैतागून म्हणाले, बजावलं होतं ना मी? सुनंदा म्हणाली, "माझी चूक झाली, डॉक्टर. कडी राहिली." मी शेजारी टॉवेल घेऊन उभा होतो. शेपूट घालणं म्हणजे काय, ते गोल्टीला कधी माहीत नव्हतं, मला होतं.

साहेब दोन दिवस हळहळले आणि विसरले.

सुनंदा विसरली नाही. त्यानंतर तिनं घरात जनावर आणू दिलं नाही. मुलगी मांजरासाठी हट्ट करायची, तर म्हणायची, माझ्या हातात जीव देऊ नका कोणी. ज्या बाईनं त्या एवढ्याशा जिवाला कसली अपेक्षा न ठेवता जपलं, ती असं म्हणायची. मी पेपर वाचत ऐकायचो. एक वाक्य तर होतं — किती वेळा ओठांवर आलं असेल? खरं सांगू? फार वेळा नाही. हळूहळू मला त्याची सवय झाली.

दोन हजार सातमध्ये सुनंदा आजारी पडली, ती उठलीच नाही. दवाखान्यात एका दुपारी तिनं माझा हात धरला. म्हणाली, "गोल्टीवरून तुम्ही मला कधी एका शब्दानं बोलला नाहीत. दुसरा कोणी असता, तर जन्मभर ऐकवलं असतं."

मी तिचा हात थोपटला. "जाऊ दे गं," म्हणालो, "चुका होतात माणसाकडून."

असं म्हणून मी तिला माफ केलं.