भोंग्याच्या मालकाला भेटायला: राजारामपुरी ते नेसरी

आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीत एक पांढरी गाडी बारमाही उभी असते. शेजारून बुलेट गेली किंवा टपावर मांजर बसलं की तिचा भोंगा सुरू! माझ्या वडिलांचं, आबांचं, नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी झोप सांगितली आहे आणि ते दर भोंग्याला छातीवर हात ठेवून उठून बसतात. गाडीचे मालक नेसरीचे. फ्लॅट इथे, मुक्काम गावी. फोन केला तर म्हणाले, "गाडी हाय, वरडणारच की!"

परवा भरदुपारी पुन्हा तेच. मी भोंगा मोबाइलवर रेकॉर्ड केला, आबांना वहिनीच्या हवाली केलं आणि तडक स्टँड गाठलं.

जाणार असाल तर आधी गडहिंग्लजची एसटी धरा, तिथून नेसरीची. बायकांना अर्धं तिकीट आहे. भांडण मात्र मी पूर्ण घेऊन निघाले होते. उचगाव मागे पडलं तरी मनातल्या मनात तोंड चालूच. गडहिंग्लजला गरम भजी खाल्ली, उपाशीपोटी मला नीट भांडता येत नाही. पुढचा उसातला रस्ता सुंदर आहे, रागातही कबूल करते.

शेजारच्या मावशींनी विचारलं, "कुणाच्यात निघालाय?"

"भांडायला."

"मग च्या घिऊन भांडा. त्याबिगर सोडायचं न्हाईत."

पोचले तेव्हा मालक गोठ्यात धार काढत होते. "या पावणं, बसा." मी बसले नाही. मोबाइलचा आवाज पूर्ण केला आणि भोंगा लावला. म्हैस बिथरली, चरवी कलंडली.

"ओ बाई, बंद करा की! म्हस पान्हा चोरंल!"

"तुमचीच गाडी हाय. वरडणारच की! आमचे आबा रोज असेच दचकतात."

म्हशीने पुढे थेंब दिला नाही. मालकांच्या घरच्या काकूंनी चहा आणला. मी कपाला हात लावला नाही. "आधी गाडीची किल्ली, मग चहा."

दारातून पाहुणा चहाशिवाय जाणार, हे काकूंना सोसेना. त्या नवऱ्यावरच उखडल्या, "म्हशीपायी जीव तुटतोय, आन् त्यो माणूस न्हाय व्हय?" खुंटीवरची दुसरी किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मग मी चहा प्याले, दोन कप.

किल्ली आता आबांच्या उशाखाली असते. काल बुलेट गेली, भोंगा सुरू झाला. आबांनी पडल्यापडल्या खिडकीकडे किल्ली रोखून बटण दाबलं, कूस बदलली आणि घोरायला लागले.

त्यांचं घोरणं गल्लीभर ऐकू येतं. कुणी तक्रार करून तर दाखवा!