मास्तरांचा डावा गाल

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी सव्वीस वर्षं गाडीत काढली, पण स्टिअरिंगवर नाही, शेजारी. शिकणारा उजवीकडे आणि मास्तर डावीकडे. पायाखाली जादाचा ब्रेक, कोपर खिडकीबाहेर. त्यामुळे त्यांच्या वाट्याला ऊन आलं ते एकाच बाजूने. उजवा गाल कसा गुळगुळीत, आणि डाव्यावर डाग, सुरकुत्या, नुसता चुरगळलेला कागद. मास्तरांना याचा पत्ताच नव्हता. दाढी करताना ते फक्त साबणाकडे बघत.

परवान्यासाठी नवा फोटो काढायला गेले तेव्हा बिंग फुटलं. फोटोवाल्याने तीनदा दिवा हलवून बघितला आणि शेवटी हात टेकले. "काका, दिव्याची चूक नाही. तुम्ही दोन माणसं आहात."

घरी बायकोने फोटोचा आधी एक अर्धा भाग झाकला, मग दुसरा. "अहो, इकडे तुम्ही आहात आणि इकडे मामंजी!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना गाल दाखवला. बाईंनी भिंगातून नीट पाहिलं. "घाबरू नका, हे उन्हानं झालंय. खिडकीची काच लावली तरी सुरकुत्या पाडणारे किरण आत येतातच. रोज सनस्क्रीन लावायचं, ढग असले तरी. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा."

"फक्त डावीकडेच ना?"

"दोन्हीकडे."

"उजवीकडे कशाला वाया घालवायचं?"

"काका, जो गाल शाबूत आहे तो तरी वाचवू या!"

मास्तर नियमाचे पक्के. सकाळी त्यांनी दोन बोटं मोजून घेतली, पण घाईत क्रीम नीट जिरवलं नाही आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने गाडीत जाऊन बसले. पहिल्या शिकाऊ म्हणजे ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांनी सहज मान वळवली, किंचाळल्या आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. मास्तरांनी कचकन ब्रेक दाबला.

"बाई, समोर बघा! शेजारी भूत बसलं तरी समोर बघायचं!"

पुढे बाईंनाही क्रीमचं महत्त्व पटलं, आणि मग मास्तरांनी सगळ्याच शिकाऊंना त्याची सक्ती केली. "बसलात? क्रीम, आरसा, पट्टा!" चार दिवसांत स्टिअरिंग हातातून निसटायला लागलं, तेव्हा क्रीमनंतर फडकं आलं.

बाईंच्या परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षकसाहेब म्हणजे जमदग्नी. परीक्षेच्या सगळ्या मैदानात त्यांचा दरारा. "गाडीत बसल्यावर पहिली गोष्ट कोणती?" त्यांनी दरडावून विचारलं.

बाईंनी पर्समधून ट्यूब काढली. दोन बोटं भरून घेतली. कपाळ, गाल, नाक, कान, मान. मग फडक्याने हात पुसले, आरसा नीट केला, पट्टा लावला. साहेबांचं पेन कागदावर अधांतरी राहिलं. बाईंनी मात्र गाडी अशी चालवली की कागदावर चुकीची एकही खूण पडली नाही. पास!

"कुणी शिकवलं हे?" साहेबांनी खाली उतरत विचारलं. बाईंनी बोट दाखवलं.

मास्तरांची पाचावर धारण बसली. आता वर्ग बंद होणार! ते अडखळत पुढे आले. साहेबांनी त्यांना गाडीआड नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि चष्मा काढून आपला डागाळलेला डावा गाल पुढे केला. अठरा वर्षं तेही त्याच डाव्या सीटवर बसत होते.

"मास्तर," साहेब कुजबुजले, "किती लावायचं असतं हे?"

मास्तरांच्या जिवात जीव आला. "आधी डॉक्टरांना दाखवा, साहेब. तोवर हात पुढे करा." आणि त्यांनी साहेबांच्या दोन बोटांवर क्रीमच्या दोन सरळ रेघा ओढल्या.

साहेब चेहरा चोळत गाडीआडून बाहेर आले, तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या एकाला घाम फुटला. त्याने शेजारणीला हळूच विचारलं, "अहो, हेपण परीक्षेत आहे?"