पट्टीची पाठ

आमच्या ह्यांना गॅरेजात सगळे 'चकचके' म्हणतात. नवा माणूस ते आडनावच समजतो आणि चकचकेसाहेब आहेत का, म्हणून दारात उभा राहतो. हे हसतात. मला मेलीला हसू येत नाही. चकचकीत झाल्या त्या लोकांच्या गाड्या. ह्यांच्या वाट्याला आली काळी नखं आणि पॉलिशच्या धुळीनं धरलेली छाती.

काम काय, तर जुन्या गाड्यांचं क्रोम. बंपर, दारांवरच्या लांब पट्ट्या, दिव्यांभोवतीच्या कड्या. गिऱ्हाईक गंजलेली पट्टी दाखवतं आणि विचारतं, रंगवून भागेल की नवी घालायची? ह्यांचं एकच ठरलेलं. पट्टी गाडीवरून उतरवायची, उलटी करायची आणि पाठ बघायची. पाठ कोरी असेल तर पुढची बाजू घासून रंग द्या, पट्टी अजून बरीच वर्षं काढेल. पण गंज पाठीकडून आला असेल तर रंगावर पैसे घालवू नका, सरळ बदला. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आदळआपट करो, पाठ बघितल्याशिवाय हे तोंड उघडायचे नाहीत. त्यापायी कित्येक गिऱ्हाइकं वैतागून गेली, पण जी टिकली ती ह्यांच्या शब्दावर डोळे मिटून विसंबायची.

गॅरेज सासऱ्यांनी काढलेलं. ते गेले तेव्हा मागे दोनच गोष्टी राहिल्या, हे गॅरेज आणि त्यांची जुनी गाडी. गाडीवरचं क्रोम सगळं मूळचं. पट्ट्या सासऱ्यांनी एकदा स्वतः काढून पुन्हा बसवलेल्या, पोलादी क्लिपा हातानं वाकवून. वाटणीच्या दिवशी धाकटे भावजी आमच्या स्वयंपाकघरात बसले आणि रुमालानं डोळे टिपत म्हणाले, "दादा, गाडी तू घे. बाबांचा जीव होता तिच्यात. मला आपलं ते गॅरेजचं पत्र्याचं शेड पुरे."

झालं, आमचे हे विरघळले. मी ओट्याशी उभी राहून खुणा करून थकले, पण माझ्याकडे बघतंय कोण? गाडी आमच्या अंगणात आली, आणि थोरला भाऊ धाकट्याकडे पगारी नोकर झाला. तेही ह्यांना गैर वाटलं नाही. भाऊच तो, म्हणायचे. भाऊ कसला, साळसूदपणाचा नमुना नुसता.

दर सुट्टीला सकाळी उठून हे गाडीपाशी. मऊ फडकं, पॉलिशचा डबा, आणि एकेक पट्टी घासत बसायचं. घरातला नळ गळतोय, कपाटाचं दार निखळलंय, पण गाडीचा बंपर असा की त्यात बघून दाढी करावी. एकदा मी म्हटलं, लोकांच्या पट्ट्या उलट्या करता, आपली एखादी काढून बघा की. तर म्हणाले, बाबांच्या हातच्या क्लिपा आहेत त्या, काढल्या तर मोडतील, तशा आता मिळत नाहीत. आणि समोरून बघ ना, आहे का कुठे डाग? डाग नव्हता, हे खरं. मी कपाळाला हात लावला आणि आत गेले.

यंदा मात्र भावजींनी चिकटवायच्या प्लास्टिकच्या चमकत्या पट्ट्या आणल्या. ह्यांचं टेबल उचलून मागे संडासाशेजारी नेऊन ठेवलं, विचारलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. मग स्वतःच म्हणाले, गाडी विकू. मूळ क्रोमची अशी गाडी हौशी माणूस सोडणार नाही. लाकडाच्या वखारीमागे एक रिकामं शेड होतं, तिथे स्वतःचं काम सुरू करायचं. मशीन कुठे बसवायचं, उजेड कुठून येतो, सगळं बघून आले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. माझाही जीव त्या शेडात अडकला, खोटं कशाला बोलू? आता कुणाची हांजी हांजी नको, एवढंच मनात होतं.

गिऱ्हाईक आलं ते एक निवृत्त डॉक्टर, जुन्या गाड्यांचे शौकीन. गाडीभोवती फिरले, खूश झाले. मग हसत म्हणाले, एक पट्टी काढून दाखवाल? पाठ बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुमचंच ऐकून आलोय.

ह्यांचा चेहरा पडला. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? चालकाच्या बाजूच्या दारावरची खालची पट्टी अलगद सोडवली. तिच्यामागे वर्षानुवर्षं पाणी साचून दाराचा पत्रा कुजून गेला होता. ह्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आरपार गेलं. डॉक्टर भले माणूस, आवाज चढवला नाही. चारही दारं अशीच असणार, एवढंच म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघून गेले. वखारीमागचं शेड गेलं.

मी रडायच्या बेतात होते. हे मात्र हातातल्या क्लिपांकडे बघत होते. सगळ्या काळ्या, पोलादी, आणि त्यांत दोन पांढऱ्या, प्लास्टिकच्या. तसल्या क्लिपांचा खोका सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात भावजींनी गॅरेजात आणला होता. सासऱ्यांनी तेव्हा अंथरूण धरलेलं. आमचे हे त्या क्लिपांना हात लावत नाहीत, ढिल्या बसतात म्हणून. आणि वाटणीनंतर गाडीला ह्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

म्हणजे पट्टी आधीच कुणीतरी उतरवली होती. काढताना जुन्या क्लिपा मोडल्या, तेव्हा नव्या लावून पुन्हा बसवली. त्यानंतर स्वयंपाकघरात बसून रुमाल काढला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आत्ताच्या आत्ता चला आणि जाब विचारा, म्हटलं.

"काय विचारू?" हे म्हणाले. "त्यानं पाठ बघितली. मी नाही बघितली."

दुसऱ्या दिवशी हे डबा न घेताच कामाला गेले. मी डबा घेऊन मागोमाग निघाले, डबा देणं हे निमित्त. हे बोलणार नसतील तर मी बोलेन, सोडणार नाही, असं घोकत पोचले. हे भावजींच्या टेबलासमोर उभे होते. खिशातून पांढरी क्लिप काढली आणि टेबलावर ठेवली.

भावजींनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. खण उघडला, क्लिप उचलून बाकीच्या क्लिपांच्या खोक्यात टाकली आणि खण लावला.

"दादा," ते म्हणाले, "त्या निळ्या गाडीचं गिऱ्हाईक खोळंबलंय. पट्ट्या रंगवायच्या की बदलायच्या, तेवढं सांग."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे वळले आणि गाडीकडे चालू लागले. गाडीची मालकीण, एक म्हातारी बाई, वाट बघत उभी होती. पट्टी अजून दारावरच होती, कडेनं गंज धरलेली. ह्यांनी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला. स्क्रूड्रायव्हर वरच्या खिशात होता, तो काढलासुद्धा नाही.

"रंगवा," हे म्हणाले, आणि संडासाशेजारच्या आपल्या टेबलाकडे निघून गेले.