बाबा गेले तेव्हा मी मेक्सिकोतल्या बागेत होते

बाबांना भेटायला जाता यावं म्हणून मी मेक्सिकोला गेले, असं सांगितलं की समोरचा माणूस गोंधळतो. आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहतो, बाबा नागपूरला. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. अमेरिकेत राहून नोकरी करायला अडचण नव्हती, पण एकदा बाहेर पडलं की नवा शिक्का मिळाल्याशिवाय परत येता येत नव्हतं, आणि भारतात तर कित्येक महिने अपॉइंटमेंटच मिळत नव्हती. नवरा म्हणाला, "तू मेक्सिकोत स्टॅम्पिंग करून ये, आठवड्याचं काम आहे. मग निवांत महिनाभर नागपूरला राहा. लेकीचं मी बघतो." बाबांचं हृदय थकलं होतं, पण ते फोनवर बोलायचे, रागवायचे, आज डब्यात काय नेलंस म्हणून विचारायचे. आम्हाला वाटलं, वेळ आहे.

मेक्सिकोतल्या अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने मला दोनच प्रश्न विचारले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. अजून तपासणी करावी लागेल, झाली की कळवू, म्हणाला. मी विचारलं, "साधारण किती दिवस?" तो म्हणाला, सांगता येणार नाही. तोवर त्याने पुढच्या माणसाला हात केला होता.

माझ्या हॉटेलच्या खोलीची खिडकी एका भिंतीवर उघडायची. म्हणून मी रोज दुपार कलली की शहराच्या मधोमध असलेल्या बागेत जाऊन बसायचे. बॉथेलच्या बागेत माणसं कुत्र्याला फिरवतात, "हाय" म्हणतात आणि पुढे जातात. इथे अख्खं शहर घराबाहेर पडलेलं असायचं. उंच खुर्च्यांवर बसून लोक बुटांना पॉलिश करून घेत. गाडीवाले उकडलेल्या कणसाला मेयोनीज फासून वर तिखट भुरभुरून द्यायचे. पोरं साबणाच्या फुग्यांमागे धावत. मधल्या फरशीवर वाद्यवृंद बसायचा आणि म्हातारी जोडपी नाचायची. पुरुष पांढऱ्या बुटांत, बायका हातात पंखा घेऊन, अगदी सावकाश, गंभीर चेहऱ्याने. पहिल्या आठवड्यात मी बाबांना तिथून व्हिडिओ कॉल केला होता. ते हसून म्हणाले, "अगं, माझ्याहून म्हातारे दिसतात हे. यांचे गुडघे बरे चालतात!" मग त्यांना धाप लागली आणि आईने फोन घेतला.

आठवडे जात राहिले. मग एका सकाळी दादाचा फोन आला. बाबांना आयसीयूत हलवलं होतं.

मी त्याच दिवशी पासपोर्ट परत मागितला. नको तुमचा व्हिसा, नंतर अमेरिकेत परतता नाही आलं तरी चालेल, माझा पासपोर्ट द्या, असं लिहिलं. आपोआप येणारं उत्तर आलं: आपली विनंती नोंदवली आहे. मी टॅक्सी करून वकिलातीच्या फाटकाशी गेले. पहारेकरी सभ्य होता. "अपॉइंटमेंट?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मी हॉस्पिटलमधला बाबांचा फोटो दाखवला. त्याने तो नीट पाहिला, मान हलवली आणि मला बाजूला उभं राहायला सांगितलं, कारण मागे रांग होती.

दुसऱ्या दिवशी खोलीत बसवेना म्हणून संध्याकाळी बागेत गेले. नागपुरात तेव्हा उजाडत होतं. वाद्यवृंद ऐन रंगात असताना दादाचा फोन आला.

"गेले बाबा," तो म्हणाला.

मला ऐकू आलं होतं. तरी मी म्हणाले, "काय? मोठ्याने बोल."

"बाबा गेले गं! आत्ता, पाच मिनिटांपूर्वी."

मी उठून कारंज्याच्या पलीकडे पळाले, तर तिकडे फुगेवाल्याची शिट्टी. फोनवर दादाच्या मागून काकूचा आवाज आला, "कुठे आहे रे ही? गाणीबजावणी कसली चाललीय?" दादा तिला काहीतरी म्हणाला. मग मला म्हणाला, "व्हिडिओ लावू का? बघशील?"

"नको. दादा, इथे नको."

"बरं. आईला देऊ?"

आईने फोन घेतला. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तिला माझ्याकडचे ट्रम्पेट ऐकू येत असणार. मीच फोन ठेवला. आईशी बोलायचं सोडून फोन ठेवला, कारण ते संगीत तिच्यापर्यंत जायला नको होतं.

बाकावर एक म्हातारी येऊन बसली. नाचून दमलेली, घामाने पावडर ओघळलेली. माझ्याकडे पाहून तिने काहीतरी विचारलं. मला स्पॅनिश येत नव्हतं, फक्त 'नोव्हियो' कळलं. प्रियकर. तो सोडून गेला म्हणून रडतेस का, असं विचारत होती. मी मान डोलावली. ती खळखळून हसली, मला दंडाला धरून उठवू लागली, नाचायच्या फरशीकडे बोट दाखवू लागली. तिथे दुसरे पुष्कळ आहेत, असं काहीसं. मी हात सोडवून घेतला. तिला राग आला नाही. ती तिच्या म्हाताऱ्याकडे निघून गेली आणि दोघं पुन्हा नाचू लागली. मी अंधार होईपर्यंत बसून राहिले. कुणाचाच काही दोष नव्हता आणि ते मला सहन होत नव्हतं.

पासपोर्ट मिळाला तेव्हा तेरावा होऊन गेला होता. आत नवा कोरा शिक्का होता. मी बॉथेलला परतले. विमानतळावर लेक गळ्यात पडली आणि म्हणाली, "आर यू डन बीइंग सॅड, आई?" मी हो म्हणाले. नवऱ्याने गाडीत विचारलं, "नागपूरचं तिकीट बुक करू?" मी म्हणाले, बघू. ऑफिसमध्ये सगळ्यांनी सॉरी म्हटलं आणि मीटिंग सुरू झाली.

आता मी केव्हाही जाऊ शकते. अजून गेलेले नाही. परवा दादाने विचारलं, "बाबांची खोली आवरायला घेऊ, की तू येतेस? त्यांचे कपडे, औषधं, सगळं तसंच आहे."

"आवर," मी म्हणाले.

"काही ठेवायचंय का तुझ्यासाठी?"

मी खूप विचार केला. मला काहीच सुचलं नाही.