त्याला दार लावू देऊ नको

ह्या ग्रुपवर लोक लिहितात ते अनुभव मी दोनेक वर्षं वाचतोय, पण लिहायला कधी धजलो नाही. कारण सरळ आहे... वाचून झालं की प्रत्येकाला मनातल्या मनात एक डायग्नोसिस देऊन मोकळा व्हायचो. ह्याची झोप झालेली नसणार, त्याला ताप असणार. धंदाच तसा माझा. घनसावंगीत बसस्टँडच्या थोडं पुढे माझं मेडिकल आहे, बारा वर्षं झाली. घर शेतकऱ्याचं, देवधर्म सगळा आईकडे. मी हात जोडायचो ते तिला बरं वाटावं म्हणून.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या हातून एक चूक झाली. एका आजोबांना बीपीच्या गोळीऐवजी तिच्यासारख्याच नावाची शुगरची गोळी गेली. पाऊण तासाने रॅक लावताना लक्षात आलं. मोटारसायकल काढली आणि त्यांच्या गावाकडे सुटलो. आजोबा ओट्यावर बसलेले, पुडी खिशात तशीच. "जेवल्यावर घ्यायची म्हणून ठिवली," म्हणाले. मी गोळ्या बदलून दिल्या, त्यांनी मला चहा पाजला. काहीसुद्धा बिघडलं नाही.

बिघडलो मी.

दुसऱ्या दिवसापासून एकेक स्ट्रिप चारचारदा वाचायला लागलो. गिऱ्हाईक गेलं की मागे धावायचो, कधी तर थेट गावाकडे निघालेल्या जीपपर्यंत. छातीत धडधड, बोटांना मुंग्या आणि कानात विहिरीवरच्या मोटारीसारखी एकसारखी घरघर. जालन्याच्या मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट समजावून सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. झोप सुधारली, पण काउंटरवर उभं राहिलं की पुन्हा तेच. बायको — अर्चना — म्हणायची, "अहो, दुकान कोणाला तरी चालवायला द्या, पण तुम्ही असे झुरू नका."

आमच्याकडे एक रिटायर्ड नर्स यायच्या. ख्रिस्ती, सत्तरीच्या पुढच्या. सगळं गाव त्यांना शिष्टरबाई म्हणतं. एकदा त्यांच्याच गोळ्या मी उलटसुलट करून पाहत होतो.

"लेकरा, किती येळ पाहून राह्यलास? बराबर हाय ती."

"एकदा चेक करतो, शिष्टरबाई."

"अन् एवढा कामून भिऊन राह्यलास?"

अर्चना आणि डॉक्टर सोडून कोणाला न सांगितलेलं सगळं मी त्यांना उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांनी हातातली पिशवी काउंटरवर ठेवली. मग म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालंल का?"

"करा की," मी म्हणालो. मला वाटलं, घरी जाऊन करतील. पण त्यांनी तिथेच माझ्या हातावर हात ठेवला, डोळे मिटले. "प्रभू येशू, ह्या लेकराच्या मनाला निवांत कर. आमेन." मागे दोन माणसं उभी होती. मला अगदी लाजल्यासारखं झालं. जाताना बजावून गेल्या, "डॉक्टरला इचारल्याबिगर गोळ्या बंद करू नको बरं का."

त्या दिवशी काही फरक पडला नाही. हे मुद्दाम लिहितोय.

त्यानंतर दीडेक महिन्याने, एका बुधवारी दुपारी, एक बाई लहान मुलाच्या औषधाची चिठ्ठी घेऊन आल्या. बाटली काढली, नाव वाचलं, पुन्हा वाचलं... आणि ती मला देताच येईना. हात पुढे जाईना. "ताई, दुसरीकडून घ्या," म्हणालो. त्या बिचाऱ्या बघतच राहिल्या आणि गेल्या. मी मागे जाऊन औषधांच्या खोक्यावर बसलो. आणि ठरवलं — बस्स. आज दुकान बंद करायचं ते कायमचं. कोणाला फोन केला नाही, अर्चनालाही नाही. उठलो, लाईट घालवले, शटर कमरेपर्यंत ओढलं.

आणि घरघर थांबली.

कशी, ते सांगायचा प्रयत्न करतो. शेतात दिवसभर मोटार चालू असते, मग लाईट जाते आणि तेव्हा कळतं की आवाज केवढा होता. तसं. छातीतून सुरू झालं आणि बोटांपर्यंत उतरलं. उजेड दिसला नाही, वास आला नाही, कोणी बोललं नाही. फक्त एवढं वाटलं की दुकानात मी एकटा नाही — आणि जो कोणी आहे त्याची भीती वाटत नाही. उलट इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कशाचीच भीती वाटत नव्हती.

किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मग शटर वर केलं. त्या बाई समोरच्या झाडाखाली पोराला घेऊन थांबल्या होत्या. "ताई, या," मी हाक मारली. बाटलीवरचं नाव एकदा वाचलं. एकदाच. औषध दिलं. बिलावर वेळ छापली होती, तीन वाजून अकरा मिनिटं.

आठ दिवसांनी शिष्टरबाईंची भाची एस्तेर गोळ्या न्यायला आली. शिष्टरबाईंना निमोनिया झाला होता आणि त्या जालन्याला दवाखान्यात होत्या, हे मला तेव्हा कळलं. आदल्या दिवशीच त्यांना घरी आणलं होतं. गोळ्या पिशवीत टाकून एस्तेर घुटमळली.

"दादा, मागच्या बुधवारी दुपारी तुम्हाला काही झाल्तं का?"

"का गं?"

"मावशी झोपेतून एकदम उठली. वॉर्डात तीनचा चहा आल्ता, मी ओतून राह्यले होते. म्हणे चहा ऱ्हाऊ दे, माझा हात धर, मेडिकलवाल्या लेकरासाठी प्रार्थना करू. अन् एकच मागणं... प्रभू, त्याला दार लावू देऊ नको. मी म्हटलं, मावशी, कोणतं दार? तर म्हणे, मला काय माहीत!"



दुकान तसंच सोडून त्यांच्या घरी गेलो. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या.

"तुम्हाला कसं कळलं, शिष्टरबाई?"

"कळलं कुठं रे? तू मनात आलास. आलास म्हणून तुझं नाव घेतलं."

"पण दार?"

"ते मलाबी समजलं न्हाई. तूच सांग, कोणतं दार होतं?"

मी सांगितलं.  त्यांनी पदराने डोळे पुसले.

"मला शिकवाल का प्रार्थना करायला?" मी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? माझ्यापाशी बोलल्तास ना काउंटरवर, तसंच त्याच्यापाशी बोल."

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी येशूचं नाव घेऊन दोन मिनिटं बोलतो. आईला सांगताना जरा धास्ती होती. ती म्हणाली, "देवाचंच नाव हाय ना? घे मंग." कधीकधी रविवारी शिष्टरबाईंना जालन्याच्या चर्चला घेऊन जातो, शेवटच्या बाकावर बसतो. डॉक्टरांनी गोळ्या आता अर्ध्यावर आणल्यात. भीती येते अजूनही, नाही असं नाही. पण ती आली की मी मागच्यासारखा पळत सुटत नाही. बोलतो, आणि ती ओसरते.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अशी लाट चढते तशी उतरतेही, दहावीस मिनिटांत. पटलं. शरीराचं कोडं सुटलं. पण तिकडे जालन्यात, वॉर्डातल्या खाटेवर, शिष्टरबाईंच्या तोंडी दार कुठून आलं? त्यावर ते हसले आणि म्हणाले, "ते माझ्या विषयात येत नाही."

मागच्या आठवड्यात स्टॉक लावता लावता एकदम शाळेतला एक मित्र मनात आला. दहा वर्षांत बोलणं नाही, कुठे असतो तेही धड माहीत नाही. हातातलं खोकं खाली ठेवलं आणि त्याचं नाव घेतलं. नंतर वाटलं, नंबर शोधून विचारावं, बाबा रे, आत्ता तुला काही होत होतं का? नाही विचारलं. काही झालं असेल, नसेल... मला ठाऊक नाही. पण नाव घेतल्यावर जी शांतता आली, ती त्याची होती की माझी, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.