तेरवीपर्यंत आवाज नाही

आमच्या बँडनं वाजवलं कमी आणि न वाजवता सराव केला जास्त. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. त्यांच्या गावात त्या वर्षांत माणसं एवढी मरत नव्हती.

आम्ही तिघंच होतो. ड्रम माझ्याकडे. गिटारवाला शाळेतल्या मास्तरांचा पोरगा. नागपूरला मावशीकडे शिकायला गेला, तिथं नापास झाला आणि येताना जुनी गिटार, एक डबडं ॲम्प आणि पेन ड्राइव्हभर गाणी घेऊन आला. पंक म्हणजे काय हे त्यानंच आम्हाला शिकवलं. सूर तीनच, लय पळती, डोकं फिरल्यासारखं वाजवायचं, पण वरची चाल गोड पाहिजे, ऐकणाऱ्याच्या तोंडात बसली पाहिजे. मला ते लगेच पटलं. माझं डोकं फिरायला तसंही फार काही लागत नाही, घरी मला लहानपणापासून फटाका म्हणतात. ड्रम म्हणजे लग्नाच्या बँडवाल्यानं टाकून दिलेले दोन ढोल आणि एक चिरलेली झांज.

आणि गाणारी ती. रस्त्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली, पांढरकवड्याच्या कॉलेजात आमच्याच वर्गात. तिचा बाप रोजानं फवारणीला जायचा. तरुणपणी तो भीमगीतांच्या गायन पार्टीत कोरसला होता, आणि पोरीला त्यानं गाण्यातली एकच गोष्ट शिकवली. ती लहानपणी भांडी घासताना काही गुणगुणली की तो बाजेवरून म्हणायचा, "हळू कायले म्हणतं व? मोठ्यानं म्हण ना."

आमच्या पहिल्या गाण्याचं धृपद तेच झालं. हळू कायले, हळू कायले. चाल तिनंच बांधली. खाली सुरू व्हायची, पायऱ्या चढल्यासारखी वर जायची, आणि जिथं बाकीच्यांचा गळा फाटतो तिथं तिचा उघडायचा. यवतमाळला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचा पहिला आणि शेवटचा मोठा कार्यक्रम झाला. दुसऱ्याच कडव्याला माइक बंद पडला. गिटारवाल्याचं तोंड उतरलं, मी आयोजकाला शिव्या घालायला उठलो, तर ही बाई तशीच गात राहिली. शेवटच्या रांगेतली टवाळ पोरंसुद्धा गप झाली. मी परत बसलो आणि वाजवायला लागलो. सांगतो, त्या दिवशी मला रडू आलं होतं आणि मी ते घामात खपवलं.

तिच्या बापाला त्या दिवशी येता आलं नाही. वेचणीचे दिवस होते, गाडीवर कापसाच्या गाठोड्यांसोबत तो जिनिंगला गेला होता. परत आल्यावर त्यानं आम्हा दोघांना घरी बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, की यवतमाळचं राहू द्या, इथं गावात म्हणा, मले आयकाचं हाये. मग ठरलं. आश्विनातल्या पौर्णिमेला, वस्तीतल्या विहारासमोर. त्याच्यासाठी. ती त्या एका दिवसासाठी सराव करत होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सराव आमच्या घरी, कापसाच्या खोलीत. भाव येईल, भाव येईल म्हणून बाबांनी आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवला होता. त्यात मधे बसायला खड्डा करून आम्ही वाजवायचो. अंगाला अशी खाज सुटायची की विचारू नका, पण आवाज बाहेर जायचा नाही. भाव काही आला नाही. उन्हाळ्याच्या शेवटी कापूस पडेल किमतीत गेला, खोली रिकामी झाली आणि आमचा आवाज पार चावडीपर्यंत ऐकू जायला लागला.

तिथून पंचाईत सुरू झाली. आमच्याकडे रीत अशी, की गावात कोणी गेलं तर तेरवी होईस्तोवर वाजा वाजत नाही. पूर्वी असं कधीमधी व्हायचं, म्हाताराकोतारा माणूस जायचा, लोक पाळायचे, कोणाला जड वाटायचं नाही. त्या वर्षांत मात्र एकाची तेरवी होते न होते तोच दुसऱ्या घरी रडणं सुरू. कोणी औषध घेतलं, कोणी विहिरीत गेलं. कोतवाल दारोदार सांगत फिरायचा, तेरवीपर्यंत आवाज नाही. आमच्या दारात तो जरा जास्तच वेळ थांबायचा.

मग आम्ही न वाजवता वाजवायला शिकलो. ढोलांवर सरकीची पोती टाकली. गिटारची वायर काढून ठेवली. ती उभी राहायची, डोळे मिटायची, आणि तोंड उघडून आवाज न काढता गायची. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, छाती वर-खाली, आणि खोलीत फक्त पोत्यांवरची थपथप. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही तिन्ही भैताड कामातून गेली. असे दोन महिने गेले. मधे एकदा कोणाचीच तेरवी बाकी नव्हती म्हणून मोठ्यानं वाजवलं, तर गाणं वेगळंच निघालं. तिनं मनातल्या मनात वरच्या सुरांचा अख्खा एक मजला चढवून ठेवला होता, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

एकदा ती चिडली. चिडली म्हणजे ओरडली नाही, पोत्यावर बसली आणि विचारलं, की मागच्या महिन्यात आमच्या वस्तीत दोन माणसं गेली, तेव्हा तुमच्या लग्नातला डीजे कोणी बंद केला? मला राग आला, पण कोणावर काढायचा ते समजेना, कारण ती खरं बोलत होती. गावात मेलं की वस्ती गप. वस्तीत मेलं की गाव चालू. मी जन्मापासून त्या गावात राहत होतो आणि ही गोष्ट मला कोणी सांगेपर्यंत दिसली नव्हती.

त्या पावसाळ्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं उभं पीक, माणसाच्या डोक्यावर गेली. एवढी उंच कधी झाली नव्हती. फवारणाऱ्याला पंपाची नळी वर धरावी लागायची आणि सगळं औषध परत त्याच्याच तोंडावर पडायचं. तिचा बाप सगळ्यांच्या वावरात फवारायचा, आमच्याही. तोंडाला रुमाल, अंगात जुना शर्ट, पायात काही नाही. एक दिवस संध्याकाळी घरी आला आणि बायकोला म्हणाला की दिवा लाव. दिवा लागलेलाच होता.

आधी तालुक्याच्या डॉक्टरनं सलाईन लावलं. मग यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आम्ही दोघं तिच्यासोबत एसटीनं भेटायला गेलो. वॉर्डात सगळे फवारणारेच. काहींचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले, कारण ते मधूनच उठून पळायला बघत. तिच्या बापाचेही बांधले होते. त्याला आम्ही दिसत नव्हतो, आवाजावरून ओळखलं. त्यानं विचारलं, पुनव कधी आहे. तिनं सांगितलं, येऊन राह्यली. मग तो म्हणाला, आताच म्हण.

तिनं सुरू केलं, अगदी ओठातल्या ओठात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नुकतीच झोप लागली होती, त्याची बायको आमच्याकडे पाहून हात जोडत होती. बाप थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्यानं तोंड आमच्या बाजूला वळवलं.

"हळू कायले म्हणतं व?"

ती थांबली. तिनं त्याच्या कानाशी जाऊन शब्द दिला, की घरी चला, पुनवेला मोठ्यानं म्हणते, गाव हलवते. तो हो म्हणाला.

तो गेला तो नेमका विसर्जनाच्या दिवशी पहाटे. दवाखान्यातून घरी आणेस्तोवर दुपार झाली. तिकडे चौकात मंडळाचा टेम्पो उभा, त्यावर भिंतीएवढे स्पीकर, पोरं गुलालात नाचून राह्यलेली. मंडळाचा अध्यक्ष माझा सख्खा चुलतभाऊ. निरोप पोचला होता, तरी डीजे चालू होता. कोतवाल त्या दिवशी कोणाच्याच दारात गेला नाही.

वस्तीतल्या जाणत्यांनी विचार केला, की तिरडी नाल्याच्या वाटेनं न्यावी. आतापर्यंत तशीच नेत आले होते, सणाच्या दिवशी भांडण नको. आमच्याकडे बाया मयतीसोबत जात नाहीत, त्यांच्यात जातात. ती तिरडीच्या पुढं येऊन उभी राहिली.

"बाबाले रस्त्यानंच न्याचं," ती म्हणाली.

कोणी वाद घातला नाही. त्रिसरण म्हणत सगळे रस्त्याला लागले, पण चौकाजवळ पोचलो तसं शेजारच्याचं म्हणणंही ऐकू येईना. जमीन हादरत होती. मी पुढं जाऊन चुलतभावाला सांगितलं, पाच मिनिटं बंद कर. तो म्हणाला, देवाचं काम आहे, मधे बंद करत नसतात, तुम्हीच पाच मिनिटं थांबा. म्हणजे मेलेल्या माणसानं नाच संपेपर्यंत थांबायचं. मग माझं जे व्हायचं ते झालं. मी टेम्पोवर चढलो आणि जनरेटरची वायर उपटून काढली. खाली ओढून त्यांनी मला मारलं, ओठ फुटला, एक दात कायमचा हलता झाला. पण वायर माझ्या मुठीत होती, ती मी सोडली नाही.

चौक असा गप झाला की कोणाच्या तरी घरातलं पोर रडताना ऐकू आलं. आणि त्या शांततेत तिनं सुरू केलं.

हळू कायले, हळू कायले. खालून, मग वर, मग तो वरचा मजला, जो तिनं आमच्या खोलीत तोंड उघडं ठेवून मुक्यानं बांधला होता. ढोल नाही, गिटार नाही. गिटारवाला तिरडीला खांदा देऊन होता, मी जमिनीवर. गच्चीवरच्या बाया कठड्याशी आल्या. गुलाल लागलेली पोरं हात खाली सोडून उभी होती, चुलतभावानं माझी कॉलर सोडली. गावानं तिचा आवाज पहिल्यांदा समोरून ऐकला. तिनं एकाकडेही पाहिलं नाही. ती तिरडीकडे तोंड करून, उलटी चालत, चौक ओलांडेपर्यंत गात गेली.

वळणावर पिंपळाशी गाणं संपलं. तिनं खांदेकऱ्यांना थांबवलं. मी उठून लंगडत तिथवर पोचलो होतो म्हणून मला ऐकू आलं. ती बापाच्या तोंडाजवळ वाकली आणि घरात विचारावं तसं साध्या आवाजात विचारलं,

"आयकू आलं का जी, बाबा?"

मग तिरडी पुढं गेली. मागं कोणीतरी दुसरी वायर जोडली आणि जनरेटर पुन्हा सुरू झाला.