‘नको’ हे त्याचं नाव

आधीच सांगून टाकते, मला कुत्र्यांचा राग नाही. मला माझ्या भाच्याचा राग आहे. पण भाचा राहतो दुसऱ्या शहरात आणि कुत्रं असतं डोळ्यांसमोर, त्यामुळे माझी बोलणी बहुतेक वेळा कुत्र्याला बसतात.

माझी थोरली बहीण सोफे-खुर्च्यांचं काम करते. फाटकं कापड उतरवायचं, बसलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, आत नवा काथ्या आणि कापूस भरायचा, वरून कापड ताणून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या. आधी हे काम तिचा नवरा करायचा. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, आता ही बाई काय करणार? हिने त्याची हातोडी उचलली आणि ज्या खुर्चीचं काम त्याने अर्धवट सोडलं होतं ती पुरी केली. रस्त्याकडची खालची खोली हा तिचा कारखाना. मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, एक तिची आणि एक माझी. मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते आणि दिवसभर ‘पुढचा!’ म्हणून ओरडते. आम्हा दोघींच्या वाट्याचा आवाज देवाने मला एकटीलाच दिला. ताईला एकच शब्द येतो, ‘बरं.’

वडील म्हणाले, शाळा पुरे. ही म्हणाली, बरं. वडील म्हणाले, हा मुलगा चांगला आहे. बरं. नवरा म्हणाला, तुझ्या बांगड्या मोडून शिलाईचं मशीन घेऊ. बरं. गिऱ्हाईक म्हणतं, पुढच्या आठवड्यात नको, उद्याच हवं. हिचं आपलं बरं. आणि तेही धड ऐकू येत नाही, कारण तिच्या तोंडात कायम चुका असतात. एक हात कापड ताणायला, एक हात हातोडीला, मग त्या बारीक चुका ठेवायच्या कुठे? ओठांत. जिभेने एकेक पुढे ढकलायची आणि बोटांनी उचलून ठोकायची. मी तिला म्हणायची, “अगं, लोक आपापल्या चुका गिळून टाकतात, तू गावभरच्या तोंडात धरून बसतेस.” ती हसायची, तेही ओठ मिटून.

अशा बाईच्या घरात भाच्याने कुत्रं आणून सोडलं.

नव्या संसाराच्या हौसेने त्याने ते विकत घेतलं होतं. नवराबायको दोघं दिवसभर कचेरीत, कुत्रं बंद घरात. त्याने घराच्या दाराची खालची बाजू खाल्ली, शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि एका रविवारी आमचे चिरंजीव दोरी हातात घेऊन हजर. “आई, थोडे दिवस ठेव गं.” ताई म्हणाली, “बरं.” घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात. आमच्याकडे व्याह्यापर्यंत जायची गरजच पडली नाही, लेकानेच काम भागवलं. त्या थोड्या दिवसांत कुत्रं पिल्लाचं घोडं झालं, आणि थोडे दिवस काही संपले नाहीत.

त्याची जात शिकारीची. रानात दिवसभर धावायचं, गवतात दडलेलं पाखरू हुंगून काढायचं, पडलेलं पाखरू उचलून आणायचं, हा त्याच्या बापजाद्यांचा धंदा. हे मला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. भाच्याने एवढं कुठे विचारलं होतं? त्याने रंग बघून घेतलं. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, फोटोत छान दिसतात म्हणे. आणि ज्याच्या सात पिढ्या पाखरांमागे धावल्या, त्याला आणून बांधलं कुठे, तर जिथे जुन्या उशांमधली पिसं पोत्यांत भरून ठेवलेली असतात तिथे!

पहिल्याच दिवशी मी कामावरून आले तर दारातून आत काही दिसेना. पिसं ताईच्या केसांत, मशीनच्या चाकात, चहाच्या पातेल्यात. मधोमध ते उभं, तोंडात उशीचा अभ्रा, शेपटी अशी हलतेय, जणू बक्षीस ठरलेलंच आहे. आणि बक्षीस मिळालंही. ताई पावाचा तुकडा पुढे धरून म्हणत होती, “नको रे, नको, राजा, नको.” त्याने अभ्रा सोडला, पाव घेतला आणि आणखी एक उशी आणायला गेलं.

भाच्याने त्याचं नाव कुठल्यातरी परदेशी खेळाडूवरून ठेवलं होतं. ताईच्या जिभेवर ते बसलं नाही, माझ्या तर डोक्यातही राहिलं नाही. त्याच्या कानावर दिवसभर पडायचं ते ‘नको’. खुर्चीचा पाय चावलास, नको. गिऱ्हाइकाची पिशवी ओढलीस, नको. आणि प्रत्येक नकोबरोबर पावाचा तुकडा, म्हणजे हातातलं सोडावं. त्याने आपला हिशेब केला, की हे माझं नाव आहे आणि हाक आली की खायला मिळतं. महिनाभराने मी त्याला माझ्या चपलेवरून हाकलायला जोरात “नको!” ओरडले, तर ते माझ्या अंगावर येऊन कडेवर बसायला निघालं. मी जमिनीवर, ते माझ्यावर, आणि माझी चप्पल त्याच्या तोंडात.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी ताईला म्हटलं, “जन्मात तू कुणाला नको म्हटलं नाहीस. म्हटलंस ते या कुत्र्याला, आणि त्यानेही ते आपलं नाव समजून घेतलं!” ती म्हणाली, “त्याला कळत नाही गं.” मी म्हटलं, “त्याला सगळं कळतं. तुझ्या लेकालाही सगळं कळतं.”

मग तर घरात बोलायची चोरी झाली. गिऱ्हाईक यायचं, ताई चहा विचारायची. भला माणूस पहिल्यांदा काय म्हणणार? “नको नको, कशाला!” की आतून कुत्रं सुटलंच. शेजारचा इस्त्रीवाला एकदा कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभा राहिला आणि मोठ्या थाटात म्हणाला, “काय ताई, भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं की तुमचं!” त्याला म्हण पुरी करू दिली हेच खूप. सगळे कपडे पुन्हा धुवावे लागले, आणि ते मी धुतले.

भाच्याचे फोन यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला छान जमतं. “आई, त्याला रोज खूप पळवायला हवं. तो दमला की काही फाडत नाही.” अरे, पळवणार कोण? तुझी आई? जिन्याच्या प्रत्येक पायरीवर जिचे गुडघे बोलतात ती? पण ती म्हणाली, “बरं.” आणि रोज सकाळी पट्ट्याचं टोक मनगटाला गुंडाळून निघायला लागली. ती त्याला फिरवायची असं लोक म्हणायचे. मी खिडकीतून पाहायची, तो तिला फिरवायचा.

एका सकाळी कोपऱ्यावर कबुतरं दाणे टिपत होती. पुढचं सांगायला नको. ताई फरफटत गेली आणि उजवं मनगट मोडलं. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खिडकीसमोर मी तिला आणलं आणि रांगेतल्या कुणी तोंड उघडण्याआधी आत नेलं. प्लास्टर घालताना ती एकच विचारत होती, “तो परत आला का गं घरी?” असा संताप आला मला! ज्या हातावर पोट आहे तो हात मोडून बसलीस आणि काळजी कुणाची?

मी भाच्याला फोन केला. म्हटलं, तुझं कुत्रं घेऊन जा, आजच्या आज. तो शांतपणे म्हणाला, “हो मावशी, मी येऊन सगळंच मार्गी लावतो.” त्या ‘सगळंच’चा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

ताई दोन दिवससुद्धा बसली नाही. डाव्या हाताने ठोकायला लागली. प्लास्टरच्या हाताने कापड दाबून धरायची. गुडघेही सुजले होते, खाली पडलेलं उचलायला तिला वाकता येईना. एकदा सुतळीचा गुंडा घरंगळत गेला, तर कुत्र्याने तो उचलून तिच्या मांडीवर आणून ठेवला. दाताचा एक व्रण नाही. ताईने मुद्दाम पुन्हा टाकला. पुन्हा आणला. मग काय, दिवसभर तेच. गुंडा आण, दाभण ठेवलेला डबा आण, कापडाचा तुकडा आण. जनावरांचे डॉक्टर म्हणालेच होते, याला काम द्या. त्या दिवसांत त्याने एक उशी फाडली नाही. मला हे मुळीच आवडलं नाही, कारण रागवायला जागा उरेना. पण माझी नवी छत्री त्याने खाल्ली आणि मला जरा बरं वाटलं.

रविवारी भाचा आला. दारात बूट काढले, नुकतंच कापड चढवलेल्या खुर्चीवर बसला आणि खोलीकडे अशी नजर टाकली, जणू ती रिकामीच आहे. कुत्रं मागच्या दारी मोकळंच उन्हात पडलं होतं. आल्यापासून भाच्याने त्याची चौकशीही केली नाही.

“आई, पुरे झालं आता हे ठोकाठोकीचं,” तो म्हणाला. “हात बघ काय करून घेतलास. आमच्याकडे बाळ येतंय, तुझ्याशिवाय कोण बघणार त्याला? तुझी सून एकदा कामावर जायला लागली की दिवसभर घरात कुणीतरी हवंच. ही खोली भाड्याने देऊ, मोबाइलवाला एक आहे, त्याच्याशी मी बोलून ठेवलंय. हातोड्या, मशीन काय असेल ते विकून टाकू. मावशी काय, राहील की वर.”

मी राहीन की वर! मी म्हटलं, “आणि कुत्रं?”

“त्याचीही सोय केलीये. एकाच्या गोदामाला राखणदार हवाय.”

“साखळीला?”

“मग काय मोकळा सोडतील, मावशी?”

मी उठणारच होते. माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं ते मी इथे लिहीत नाही. पण ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी बसले. तिच्या समोर एका आजोबांची आरामखुर्ची होती, अर्धं कापड चढलेलं, अर्धं लोंबत. डाव्या हातात हातोडी. तोंडात चुका.

“मग ठरलं,” भाचा म्हणाला. “महिन्याच्या शेवटी मी न्यायला येतो. चालेल ना, आई?”

आता ‘बरं’ येणार. मी तो शब्द जन्मभर ऐकत आलेय. शाळेचं दप्तर त्या शब्दाने सुटलं, बांगड्या त्या शब्दाने गेल्या. आता हातोडी जाणार. मला तिचा इतका राग आला, इतका, की डोळ्यांत पाणी आलं. मी भिंतीकडे बघत राहिले.

ताईने हातोडी खाली ठेवली. तळहात ओठांसमोर धरला आणि तोंडातल्या चुका एकेक करून त्यात काढल्या. त्या खुर्चीच्या हातावर ठेवल्या, नीट, एकही पडू न देता. तोंड पुसलं.

“नको,” ती म्हणाली.

मागच्या दारातून कुत्रं उधळत आलं. चौकटीला धडकलं, डबा पाडला आणि आमच्या मधोमध येऊन शेपटी हलवत उभं राहिलं. भाचा हसला. “आई, त्याला नंतर बोलाव गं. मी काय विचारतोय तुला?”

“त्याला नाही हाक मारली,” ताई म्हणाली. “तुला म्हटलं.”

तो खुर्चीत सरळ झाला. मग माझ्याकडे वळला. “मावशी, हे तू शिकवलंस हिला?”

“मला शिकवता आलं असतं,” मी म्हटलं, “तर तुझ्या बापाच्या वेळीच शिकवलं असतं.”

“अगं पण बाळाचं काय?”

“बाळाला घेऊन ये भेटायला,” ताई म्हणाली. “मी पाळणा सजवून ठेवते, मऊ गादी घालून. पण मी येणार नाही. आणि हा कुत्रा पण कुठे जाणार नाही.”

“हाताचं तरी बघ, आई!”

“हात जुळतोय.” आणि तिने एक चूक उचलून पुन्हा ओठांत धरली. तिचं बोलून झालं होतं.

कुत्रा अजून तसाच उभा होता. हाक आली, पण पाव आला नाही, हे काही त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. तो ताईकडे बघे, माझ्याकडे बघे. मी आत गेले आणि पावाचा तुकडा आणला. आजवर मी त्याला एक घास दिला नव्हता. त्याने तो माझ्या बोटांना ओठही न लावता घेतला, आणि मला त्याचाही थोडा राग आला, एवढा शहाणा आहेस तर माझी छत्री का खाल्लीस?

भाचा बोलतच होता. म्हातारपण, हट्ट, लोक काय म्हणतील, मोबाइलवाल्याला आता काय सांगू. तेवढ्यात पाव खाऊन कुत्रा दाराकडे गेला. तिथे भाच्याचे नवे बूट होते. त्याने दोन्ही हुंगले, त्यातला एक निवडला आणि तो घेऊन खुर्चीमागे जाऊन आरामात बसला. भाच्याची तिकडे पाठ होती.

मी पाहिलं. ताईनेही पाहिलं. चामडं चावल्याचा आवाज येत होता आणि आम्हा दोघींपैकी कुणीही ‘नको’ म्हटलं नाही.